कोळशाचं वलय

हमरस्त्याचं काम चालू होतं म्हणून सगळ्या गाड्या डावीकडच्या वस्तीत वळवल्या होत्या, आणि मेलबर्नच्या कडेला, डँडेनाँगच्या त्या कधी न पाहिलेल्या रस्त्यावर, एका टायरच्या दुकानाच्या आणि एका बसक्या विटकरी चर्चच्या मध्ये, ग्लेनिस ट्रेंबाथला आपलं घर दिसलं. तिनं ब्रेक दाबला नाही. गाडी आपल्या वेगानं पुढं गेली, मागच्या सीटखाली ठेवलेले, वाळू नये म्हणून पाण्यात बुडवलेल्या कोळशाच्या नमुन्यांचे डबे वळणावर एकमेकांना घासले, त्यातलं पाणी डचमळलं, आणि कोपऱ्यावर आल्यावर तिला कळलं की आपण श्वास धरून ठेवला आहे. घर तिथं असायचं काही कारण नव्हतं. ते इथून दीड तासावर, लॅट्रोबच्या खोऱ्यात असायला हवं होतं; आणि तिथंही ते नव्हतं, कारण ज्या जमिनीवर ते उभं होतं ती जमीनच आता नव्हती. आज सकाळीच ती त्या जमिनीच्या काठावर उभी राहून आली होती. खाली तपकिरी पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा, तळाशी खेळण्याएवढी दिसणारी उत्खनन यंत्रं, आणि वारा. ब्रॅडवर्थ हे गाव वीज मंडळानं आपल्या कामगारांसाठी वसवलं होतं, आणि पन्नास वर्षांनी मंडळाच्या लक्षात आलं की सगळ्यांत चांगला कोळसा गावाच्याच खाली आहे. मग घरं विकली. फळ्यांची घरं ती. मधोमध करवतीनं कापून, दोन ट्रकांवर घालून ज्यानं त्यानं नेली. त्या आठवड्यात ग्लेनिस मेलबर्नला होती. संशोधनशाळेत तिच्या यंत्रावर एक नमुना लागलेला होता, आणि तो मध्येच काढला असता तर महिन्याचं काम वाया गेलं असतं. आई फोनवर म्हणाली होती, "येऊ नको. बघण्यासारखं काही नाहीये त्यात." बाबा समोरच्या फुटपाथवर हात पाठीमागं बांधून उभे होते आणि घर वळण घेऊन दिसेनासं होईपर्यंत उभेच होते, असं तिला नंतर कुणीतरी सांगितलं होतं.

तिनं गाडी वळवली. जवळून पाहिल्यावर शंकेला जागा उरली नाही. व्हरांड्याचा डावीकडचा खांब बाकीच्या तिघांपेक्षा जाड, कारण तो बाबांनी दुसऱ्याच कुठल्यातरी लाकडातून घडवला होता. न्हाणीघराच्या खिडकीला ती बाटलीच्या रंगाची हिरवी काच. पण घराचं तोंड चुकीच्या दिशेला होतं. एखादं ओळखीचं माणूस झोपेत कूस बदलून पडलेलं दिसावं तसं ते तिला वाटलं, आणि दाराची कडी वाजवताना तिला थोडी लाजही वाटली. दार उघडलं ते पन्नाशीच्या, हाताला पीठ लागलेल्या एका बाईनं.

"नळाचं बघायला आलात? सोमवारपासून सांगतेय."

"नाही. मी... मी या घरात लहानाची मोठी झाले."

"या घरात?" बाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चौदा वर्षं आम्हीच आहोत इथं. त्याआधी इथं नुसतं गवत होतं."

"हो. तेव्हा हे घर दुसरीकडं होतं."

बाईचा चेहरा उजळला. "तरीच! माझा नवरा पहिल्या दिवसापासून म्हणतोय, सेव्हिम, या घराला मधून शिवण आहे. मी म्हणायचे, तुझ्या डोक्याला आहे. ये, आब्ला, आत ये. बूट मात्र काढ."

थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तिनं 'आब्ला' म्हटलं होतं, आणि ग्लेनिस मोज्यांवर आत गेली. शिवण खरोखरच होती. बोळाच्या फरशीत, फळ्या जिथं पुन्हा जोडल्या होत्या तिथं, एक बारीक उंचवटा, पायाच्या तळव्याला कळेल एवढाच. भिंतींचे रंग वेगळे होते, हवेत तापल्या लोण्याचा आणि लिंबाचा वास होता, पण पाय वाट चालत होते. बोळातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरात मोरीपासून चुलीपर्यंत आईची दोन पावलं, चुलीपासून फडताळापर्यंत एक आणि थोडं वळणं. तिला चालताना विचार करावा लागत नव्हता. आणि तरी उन्हानं सगळं बिघडवलं होतं. इथं सकाळी ऊन यायचं, आईच्या हातावर, बशांवर. आता तिन्हीसांजेचं तांबूस ऊन त्याच खिडकीतून त्याच ओट्यावर पडलं होतं आणि ओटा अनोळखी दिसत होता. आतली अंतरं जशीच्या तशी होती. बाहेर काहीच उरलं नव्हतं: ना समोरचं डॉयलींचं घर, ना कोपऱ्यावरचा बेकरीवाला, ना टेकडीवरची चार धुराडी. तिला वाटलं, हे तर मी रोज पाहते. लगेच तिला त्या वाटण्याचा राग आला. कामातल्या गोष्टी घरात आणून त्यांच्या उपमा करायची सवय तिला आवडत नसे. पण ते खरं होतं. तिचं सबंध आयुष्य याच एका प्रश्नात गेलं होतं: कोण कुणापासून किती अंतरावर आहे. मिठाच्या खड्यावर क्ष-किरण सोडले तर मागच्या फिल्मवर लख्ख ठिपके उमटतात, कारण मिठातले अणू कवायतीला उभे असल्यासारखे असतात, हजारो रांगा, कुणी हलत नाही. हवा न लागू देता भाजलेल्या कोळशावर सोडले तर एक धूसर वलय उमटतं, त्याच्या बाहेर आणखी एक, त्याहून पुसट, आणि मग काळोख. लोक बघतात आणि म्हणतात, यात काही नाही. पण त्या पुसट वलयांवरून, खूप हिशेब केला तर, एवढं कळतं की प्रत्येक अणूला आपले जवळचे तीन शेजारी पक्के माहीत आहेत. त्यांच्या पलीकडचे सहा साधारण माहीत आहेत. त्याच्याही पलीकडं कोण आहे ते कुणालाच माहीत नाही.

हे तिला पहिल्यांदा याच घरात कळलं होतं, आणि सांगणारा माणूस मागच्या ओसरीत राहायचा. ती सहा वर्षांची होती. बाबा एका संध्याकाळी त्याला घेऊन आले. उंच, वाकलेला, अंगावर कुणाचातरी कोट, हातात दोरीनं बांधलेली पेटी. आर्विद काल्निन्श. लाटवियाहून, युद्धानंतरच्या निर्वासित छावण्यांमधून, जहाजातून आलेला. इथल्या सरकारनं फुकट आणलं म्हणून दोन वर्षं सांगतील ते काम करायचं अशा करारावर, रीगाच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारा तो माणूस आता कोळशाच्या विटा पाडायच्या कारखान्यात फावडं मारत होता आणि पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होता. बाबा उत्खनन यंत्रावर होते. त्याची त्यांची ओळख कुठं झाली कोण जाणे. "डल्सी, हा आर्वी. छातीत कफ आहे त्याच्या. उन्हाळा येईपर्यंत राहील," एवढंच ते आईला म्हणाले. ओसरीला फळ्या मारून केलेली खोली त्याला दिली. उन्हाळा आला आणि गेला, तो राहिला. आई त्याचे शर्ट धुवायची, त्याच्या उच्चारांना हसायची, त्याला 'व्हेरी' पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची. संध्याकाळी दिवे लागले की तो ग्लेनिसला मागच्या पायरीवर बसवायचा आणि खिशातला रुमाल काढून तिच्या डोळ्यासमोर ताणून धरायचा. रुमालातून रस्त्याच्या टोकाचा दिवा पाहिला की एका दिव्याचे कितीतरी दिवे व्हायचे, आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले, नीटनेटके. मग तो तिला खिडकीपाशी न्यायचा, काचेवर तोंडानं वाफ सोडायचा आणि म्हणायचा, आता बघ. वाफेतून तोच दिवा, आणि त्याच्याभोवती एक गोल कडं.

"रुमालात धागे शिस्तीत बसलेत," तो म्हणाला, "म्हणून ठिपके. काचेवर थेंब कसेही बसलेत, म्हणून कडं."

"म्हणजे थेंब वाईट?"

तो विचारात पडला. लहान मुलीच्या प्रश्नावर मोठं माणूस इतका वेळ विचार करतं हे तिनं त्याआधी पाहिलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "थेंब कुठं आहेत ते सांगत नाहीत. पण केवढे आहेत ते सांगतात. विचारणाऱ्याला धीर पाहिजे." मग अंगणात पडलेला कोळशाचा तुकडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. "हासुद्धा थेंबांसारखाच."

आणि एका सकाळी तो नव्हता. घोंगड्या चौकोनी घडी घालून ठेवलेल्या, खोली झाडलेली, एक बटणसुद्धा मागं राहिलेलं नाही. आदल्या संध्याकाळी ती लवकर अंथरुणात गेली होती. तिची खोली पुढच्या बाजूला होती, आणि तिथं तिला बाबांचा चढलेला आवाज आला होता. बाबा कधी आवाज चढवत नसत. 'जाईल' एवढा शब्द तिनं ऐकला, पुन्हा एकदा 'जाईल', आणि आईचा आवाज इतका हलका की त्यात शब्दच नव्हते. बाबांनी त्याला घालवला. ही गोष्ट तिनं कुणाला विचारली नाही. विचारायची गरज पडली नाही, इतकी ती उघड होती. पुढं काही दिवस ती एकटीच मागच्या पायरीवर बसून आईचा रुमाल डोळ्यांपुढं धरत असे. मग एके दिवशी आईनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि धुण्यात टाकला. बाबांवर तिनं प्रेम केलं नाही असं नाही. पण त्या प्रेमात तेव्हापासून एक वाळूचा कण होता. ते तिला यंत्रावर न्यायचे, केबिनमध्ये बसवायचे, खालच्या कोळशात सापडलेलं लाखो वर्षांपूर्वीचं लाकूड दाखवायचे, तंतू दिसावेत इतकं ताजं. ती बघायची आणि मनात म्हणायची, तुम्ही त्याला घालवलंत. गाव गेल्यावर दोन वर्षांत ते गेले, नव्या गावातल्या विटांच्या घरात, ज्याला ते शेवटपर्यंत 'हे ठिकाण' म्हणत. त्यांच्या शवपेटीपाशी उभं असतानाही तो कण तिच्या आत होता. तिनं तो हलवून पाहिला होता आणि तो निघाला नव्हता.

"चहा टाकते," सेव्हिम म्हणाली, तेवढ्यात फोन वाजला. ती भिंतीवरच्या फोनकडं गेली आणि हातानंच 'बघ, बघ, आपलंच घर आहे' अशी खूण केली. ग्लेनिस मागच्या ओसरीत गेली. तिथं आता शिवणयंत्र होतं, कापडांचे तुकडे होते, लोणच्याच्या बरण्या होत्या. पूर्वी काल्निन्शची खाट होती तिथं, भिंतीला लागून, ती उभी राहिली. भिंतीपलीकडं सेव्हिम तुर्कीत बोलत होती. ग्लेनिसला त्यातला एक शब्दही समजत नव्हता, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता. शब्दच नव्हे, शब्दांमधला श्वास, जीभ टाळूला लागल्याचा आवाज, चमच्यानं बशीवर धरलेला बारीकसा ताल. ही भिंत नव्हतीच. अर्ध्या इंचाची फळी होती, वर रंग. ती हळूच त्या कोपऱ्यात टेकली. ज्याला इंग्रजी चांगलं समजत होतं असा एक आजारी माणूस इथं खाटेवर पडला होता, आणि पलीकडं स्वयंपाकघरात त्याच्याविषयी बोलणं चाललं होतं. त्यानं सगळं ऐकलं होतं. तिनं अर्धामुर्धा ऐकलेला एक शब्द घेऊन सदतीस वर्षं काढली होती, आणि पूर्ण ऐकलेला तो माणूस मेलबर्नमध्येच, एल्वूडला समुद्राजवळच्या एका फ्लॅटमध्ये एकटा राहत होता, आणि नऊ वर्षं तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. तिच्या कानशिलाला ती फळी गार लागली. सेव्हिमनं चहा आणला, लहान पेल्यांत, आणि तिच्या तळहातांवर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं. "रडून घे हवं तर," ती म्हणाली. "माझं घर तर एर्झिंजानला भूकंपात गेलं. तुझं निदान चालत आलं." ग्लेनिसला रडू आलं नाही. तिनं विचारलं, इथं झोपतं का कुणी? सेव्हिम म्हणाली, पाहुणे आले की झोपतात, पण मग आम्ही भांडत नाही.

तेविसाव्या वर्षी पदवी घेऊन ती मेलबर्नच्या संशोधनशाळेत गेली ती काल्निन्श तिथं कोळसा विभागाचे प्रमुख आहेत हे वाचूनच. दारात तिनं नाव सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा हलला नाही. 'बाहेर बसा' म्हणाले. खूप वेळ बसवलं. मग आत बोलावून म्हणाले, "मिस ट्रेंबाथ, सोमवारी या. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यापासून सुरुवात." बस्स. ब्रॅडवर्थचं नाव नाही, पायरीचं नाही, रुमालाचं नाही. अकरा वर्षं तिनं त्यांच्या हाताखाली काढली आणि ते अकरा वर्षं तिला 'तुम्ही' म्हणाले. दुसऱ्यांच्या चुकांवर ते हसून पांघरूण घालत, तिच्या नाही. तिच्या आलेखातली एक रेघ जाड झाली तरी कागद परत यायचा. ते तिला ओळखत नाहीत, की ओळखून विसरू बघताहेत, हे तिला कधी ठरवता आलं नाही. काही संध्याकाळी, सगळे गेल्यावर, क्ष-किरणांच्या नळीची ती एकसुरी घरघर ऐकत दोघं एकाच टेबलाशी आकडे मांडत बसत तेव्हा तिला वाटायचं, आता बोलतील. ते म्हणायचे, "वजाबाकी पुन्हा करा." कारण सगळं वजाबाकीवर होतं. हवा किरण विखुरते, नमुना धरणारी काच विखुरते, यंत्र स्वतःची गुणगुण त्यात मिसळतं; ते सगळं काढून टाकल्यावर जे उरतं तो कोळसा. थोडं जास्त काढलं तर कोळशाचं काहीतरी जातं, थोडं कमी काढलं तर जे कोळशात नाही ते दिसायला लागतं. बाबा गेल्याच्या पुढच्या वर्षी तिच्या आलेखात असं काहीतरी दिसायला लागलं. सगळे म्हणत, काल्निन्शही म्हणत, की भाजलेल्या कोळशात कार्बनचे चिमुकले सपाट पापुद्रे असतात, पत्त्यांसारखे, कॅट उधळून टाकल्यासारखे पडलेले. मग तीन हजार अंशांवर तापवूनही ते सरळ रचले का जात नाहीत? तिच्या वलयांवरून निघणारी दूरच्या शेजाऱ्यांची अंतरं पाहिजे त्यापेक्षा किंचित आखूड येत होती. पत्ता वाकवला तर त्याची दोन टोकं जवळ येतात तशी. पापुद्रे सपाट नाहीत, तिनं लिहिलं. वाकलेले आहेत, आणि म्हणून ते कधीच एकावर एक बसणार नाहीत. काल्निन्शांनी लेख वाचला आणि त्यावरून स्वतःचं नाव खोडलं. "तुम्हाला जे बघायचंय ते तुम्ही बघताय, मिस ट्रेंबाथ. वजाबाकी." तिनं तो लेख एकटीच्या नावानं छापला. कुणी फारशी दखल घेतली नाही. ते निवृत्त झाले तेव्हा केक कापला गेला, आणि ती यंत्रापाशीच थांबली होती.

शनिवारी दुपारी ती एल्वूडला गेली. त्यांनी दार उघडलं. पाठ आणखी वाकली होती, स्वेटरची कोपरं विरलेली. त्यांनी तिला पाहिलं, बाजूला झाले, आणि ती आत येता येता म्हणाले, "तुमची वजाबाकी सुधारली का?"

"तुमचा नमस्कार नाही सुधारला," ती म्हणाली.

ते हसले नाहीत, पण किटली ठेवली. काळा पाव काढला, ओव्यासारख्या बियांचं पिवळं चीज काढलं, आणि कापायला बसले. खिडकीतून समुद्राची एक करडी पट्टी दिसत होती. तिनं घराचं सांगितलं. डँडेनाँग, शिवण, तुर्की बाई, उलटं ऊन. ते सुरी चालवत ऐकत राहिले.

"तुमच्या खोलीत उभी राहिले मी," ती म्हणाली. "त्या भिंतीतून सगळं ऐकू येतं."

"येतं."

"म्हणजे बाबा तुम्हाला काढायचं बोलत होते तेही तुम्ही ऐकलंत."

सुरी थांबली. "कोण? क्लेम?"

"मी ऐकलं होतं, पुढच्या खोलीतून. ते ओरडत होते. जाईल, जाईल असं काहीतरी."

काल्निन्शांनी सुरी खाली ठेवली. चष्मा काढला, त्याची काच स्वेटरला पुसली, आणि चष्मा न लावताच तिच्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे असे उघडे तिनं कधी पाहिले नव्हते. "बरोबर ऐकलंत," ते म्हणाले. "'कुठं जाईल तो, डल्सी? त्या पत्र्याखाली गेला तर खोकून मरून जाईल.' असं म्हणाला तो. क्लेम मला ठेवायचं म्हणत होता. काढायचं म्हणत होती तुमची आई."

"आई?" तिला पहिल्यांदा नुसतंच हसू आलं. "आई तुमचे शर्ट धुवायची."

"धूत होती. उत्तम धूत होती. ती म्हणाली, हा पोरीला आपल्यातून नेतोय. क्लेम म्हणाला, सहा वर्षांची आहे ती, दिवा बघते, बघू दे. तर म्हणाली, हसू नको. दिवा बघताना मी तिचं तोंड पाहिलंय, तू नाही पाहिलंस. असं तोंड झालेली मुलगी या गावात राहत नाही. आणि मला ही एकच आहे." बाहेर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. "मी खाटेवर पडून विचार केला की ही बाई बरोबर बोलतेय. सकाळी अंधारातच निघालो. ती मागच्या दारात उभी होती, डब्यात पाव बांधून. मी तिला शब्द दिला. तुमच्या मुलीला यापुढं मी काही शिकवणार नाही."

ग्लेनिसला ते उत्खनन यंत्र दिसलं. बाबा केबिनमध्ये बसलेले, तळहातावर ते लाकूड धरून, तिच्या तोंडाकडं बघताहेत: 'तंतू दिसतात का, ग्लेनी?' ते तिच्या तोंडाकडं बघत होते. आईनं सांगितल्यापासून ते शोधत असणार, ते तोंड, जे बायकोनं पाहिलं आणि आपण पाहिलं नाही. आणि तिनं ते त्यांना कधी दाखवलं नव्हतं. त्यांच्यासमोर ती तोंड मिटून बसायची.

"आणि सतरा वर्षांनी," काल्निन्श सांगत होते, "मी दार उघडतो तर तू. केस आखूड कापलेले, आणि तेच तोंड. मी काय करायचं? तुला बाहेर बसवलं, आठवतं?"

'तू' कुठून आलं ते त्यांना कळलंच नव्हतं. तिनं मान हलवली.

"तुझ्या आईला फोन करत होतो. तुमच्या घरी फोन नव्हता तेव्हा. दुकानात केला, दुकानवाल्यानं पोरगं पाठवलं, ती येईपर्यंत मी कानाला फोन लावून उभा. मी म्हटलं, मिसेस ट्रेंबाथ, मी शब्द दिला होता, पण ती स्वतः आलीय, तुम्ही नाही म्हणा, मी तिला परत पाठवतो. ती बराच वेळ बोललीच नाही. मला वाटलं, लाइन गेली. मग म्हणाली, 'आता ती आलीच आहे तर नीट शिकवा. अर्धवट शिकवून सोडू नका. आणि लाड करू नका तिचे.'" त्यांनी पुन्हा सुरी उचलली. "मी कुणाचे करत नाहीच. त्यामुळं ते सोपं गेलं."

आईनं मरेपर्यंत तिला कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं की तू तिथं काय करतेस. रविवारी फोन व्हायचा. जेवलीस का, खोली गरम असते का, बूट घेतलेस का नवे. कोळशाचा उल्लेख नाही. ग्लेनिसनं त्याचा अर्थ लावून ठेवला होता: आईला त्यात रस नाही, आपलं काम आईच्या गावीही नाही. आणि ती बाई दुकानात, पिठाच्या पोत्यांच्या आणि लोकांच्या मध्ये, अॅप्रनमध्येच उभी होती, फोन दोन्ही हातांनी धरून, आणि जे तिला नको होतं त्यावर सही करत होती. नुसती सही नाही, अटी घालून. हे चित्र ग्लेनिसला स्वच्छ दिसलं. तिनं स्वतःला विचारलं, मी कशातून काय वजा केलं? पण हाही एक अलंकारच, आणि तिनं तो बाजूला सारला. चीज खारट होतं. तिनं ते खाल्लं.

"म्हणून तुम्ही माझ्या लेखावरचं नाव—"

"नाही." ते चिडले. "त्याचा तुझ्या आईशी काही संबंध नाही. ते चुकलं होतं म्हणून."

"ते चुकलं नव्हतं."

"नंतर बघू. क्लेम गेला तेव्हा मी आलो नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुला राग असेल. त्या माणसानं माझ्यासाठी बायकोशी भांडण केलं आणि मी त्याला न सांगता निघून गेलो. त्याला काय वाटलं असेल? आणि त्याला सांगायचं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं. मग राहिलंच." त्यांनी पावाचे कण बोटानं गोळा केले. "कुठं ठेवलंय त्यांना?"

"दोघं तिथंच, ब्रॅडवर्थच्या दफनभूमीत. टेकडीवर. ती जागा खणली नाही."

"उद्या गाडी काढशील?"

रविवारी ते काळा कोट आणि टाय घालून खाली उभे होते. खोरं लागलं तेव्हा खिडकीची काच खाली करून त्यांनी हवेचा वास घेतला आणि खोकले. टेकडीवर गार वारा होता, आणि वारा पडला की लांबून खड्ड्यातल्या कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांचा खडखडाट यायचा. दोघांची नावं एकाच दगडावर होती. काल्निन्शांनी हॅट काढली. क्लेमच्या बाजूला ते बराच वेळ नुसते उभे राहिले, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, जे तिनं विचारलं नाही. मग दोन पावलं सरकून आईच्या बाजूला आले, कोटाची बटणं लावली, आणि दुकानातल्या फोनवर बोलल्यासारखं, थोडं मोठ्यानं, म्हणाले, "मिसेस ट्रेंबाथ, जमेल तेवढं शिकवलं. अर्धवट नाही सोडलं. हट्टी आहे." ग्लेनिस बाबांच्या नावापाशी वाकली. दगडावर कोळशाची बारीक भुकटी बसली होती, इथं सगळ्यावर बसते तशी. तिनं ती हातानं पुसली, अक्षरांच्या खाचांतूनसुद्धा, बोटाचं टोक घालून, एकेक अक्षर, आणि पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की आत चाचपडलं तर तो कण हाताला लागत नाही. तिथं आता दुसरंच काहीतरी होतं, ते जास्त दुखत होतं, आणि तिनं ते राहू दिलं.

परत येताना वॉरागुल गावाच्या पुढं काल्निन्श म्हणाले की सपाट पापुद्र्यांच्या कडांना अणू कमी असतात, त्यामुळंही अंतरं आखूड दिसू शकतील, याचा तू विचार केला नव्हतास. ती म्हणाली, केला होता, पान चारवर आहे, तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नाहीत. ते म्हणाले, वाचलं होतं, तिथंच तर चुकलंय. ती म्हणाली, मग सिडनीच्या अणुभट्टीवरच्या न्यूट्रॉनांनीही तेच आकडे का दिले, ते काय माझ्या बाजूचे आहेत?

"न्यूट्रॉननं केलंस?" ते म्हणाले. "कधी?"

"मार्चमध्ये."

"आणि काल मला पाव खाऊ घालू दिलास, आणि हे सांगितलं नाहीस?" त्यांनी सीटचा पट्टा सोडवला आणि तिच्याकडं पूर्ण वळून बसले. "थांबव गाडी. तिथं, झाडाखाली. आता पहिल्यापासून सांग, कशातून काय काय काढलंस. घाई करू नकोस."

"पट्टा लावा आधी," ग्लेनिस म्हणाली, आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेत, पहिल्यापासून सांगायला लागली.